खिळीला कोण धरतं?

रस्त्यात खीळ, खिळा, नट, वायसर असं काही पडलेलं दिसलं की मी वाकून उचलतो. ही सवय आबाजींची, म्हणजे आजोबांची. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या आर्वीला कापसाचा हंगाम लागला की बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर बंड्यांची रांग लागायची. आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात. रात्रभर त्या कुरकुरत यायच्या. कापसाचा बोजा ताडपत्रीखाली, बंडीच्या पोटाशी टांगलेला कंदील, वर घोंगडी पांघरून डुलक्या घेणारा माणूस. सकाळी त्याच रस्त्याने आबाजी फिरायला निघत. हात मागे, नजर जमिनीवर. मध्येच थांबत, काठीच्या टोकाने धूळ उकरत आणि एखादा लोखंडाचा तुकडा धोतराच्या सोग्याला पुसून माझ्या तळहातावर ठेवत.

"कोनाच्या तरी बंडीची खीळ हाये बाप्पा. तो मानूस अजून घरी पोचला नसन."

काही सापडल्याचा आनंद त्यांच्या आवाजात नसायचा, काळजी असायची. बंडीच्या आसाच्या टोकाला भोक असतं. चाक आसावर चढवलं की त्या भोकात खीळ घालतात, बस्स. एवढ्यावर सगळा कारभार. चाकाला जागेवर राहायचं नसतं. चाकोरीतून वर चढताना, नाल्याच्या उतारावर, वळणावर ते बाहेर सरकायला बघतं आणि दर वेळी खिळीला येऊन भिडतं. खीळ वरून खाली घातलेली असते, डोकं वर राहतं, म्हणून ती स्वतःच्या वजनाने जागेवर बसते. पण खडकाळ वाटेवर चाक आपटत राहिलं की तीही इंचाइंचाने वर येते. जाणता गाडीवान म्हणून तिच्याभोवती चिंधी गुंडाळतो किंवा तार पिळून बांधतो. वंगणाने काळी झालेली ती चिंधी मी फार जवळून पाहिली आहे. चाकाला खीळ धरते हे कोणालाही दिसतं. खिळीला ती चिंधी धरून असते, हे आबाजींनी दाखवल्यावर मला दिसलं.

उचललेल्या वस्तूंसाठी घरात डालड्याचा एक डबा होता. तो डबा म्हणजे आमच्या मामाचा खजिना. मामा कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होता. दिवसभर सरकी-रुईच्या धुळीत आणि पट्ट्यांच्या फटफटाटात काम करून आला तरी त्याचे हात थांबत नसत. एका दिवाळीत त्याने आम्हां पोरांसाठी टिकल्या वाजवायची लाकडी बंदूक केली. बाजारातली पत्र्याची बंदूक भाऊबीजेपर्यंत टिकायची नाही. तिचा घोडा निखळायचा, मग चाप लोंबायला लागायचा, आणि उरलेल्या टिकल्या आम्ही दगडाने फोडायचो. मामाच्या बंदुकीने आमचं बालपण पाहिलं.

ती बंदूक कशी होती ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. सागाच्या पातळ फळीतून कोरलेला दस्ता. त्याच्या पोटात पोकळी, दोन्ही बाजूंनी झाकायला दोन पातळ पाट्या. घोडा आणि चाप जुन्या लोखंडी पट्टीतून कापून कानशीने घासलेले. दोन्ही आपापल्या खिळीवर फिरणारे. खिळी सायकलच्या तुटक्या स्पोकच्या. घोड्याला पुढे ओढणारी ताकद ट्यूबच्या रबराची. चाप ओढला की घोडा सुटायचा, टिकलीवर आदळायचा आणि गंधकाचा तो वास नाकात भरायचा. आजही तो वास आला की दिवाळी आली असं वाटतं, मग महिना कोणताही असो.

पण दोन दिवसांत घोड्याची खीळ बाहेर डोकावायला लागली. दाबून आत घातली तर पुन्हा बाहेर. भोक सैल नव्हतं. मामाने बंदूक कानाजवळ धरून घोडा हळूहळू मागे-पुढे केला आणि म्हणाला, "पाय बरं, घोडा फिरते तर संगं खीळबी फिरते. फिरनारी वस्तू जागेवर राहत नाही, ते वाट काढते."

मग त्याने आम्हांला समोर बसवून एकेक उपाय केला. पहिल्यांदा स्पोकचं टोक ठोकून पसरवलं, म्हणजे रिबिट केलं. खीळ पक्की झाली, पण घोडा आवळला गेला, फिरेना. शिवाय आतलं काही बिघडलं तर उघडायचं कसं? त्याला ते पटलं नाही. "जे उघडता येत नाही ते दुरुस्त होत नाही," म्हणत त्याने टोक कापून टाकलं. मग बाहेरच्या पाट्यांनी खिळीची टोकं झाकली. हे बरं झालं, पण पाट्या सागाच्या. पाऊस-ऊन लागलं की फुगणार, आकसणार, आणि खीळ त्यांना आतून कोरणार. शेवटी त्याने दोन्ही खिळींना कानशीने एकेक बारीक खाच पाडली आणि रबर काढून तिथे तारेची स्प्रिंग बसवली. स्प्रिंगचं मधलं वेटोळं घोड्याला पुढे फेकणार आणि तिचा लांब पाय शेजारच्या चापाच्या खिळीतल्या खाचेत जाऊन बसणार. घोड्याच्या खिळीसाठी घोड्याच्या आतच एक छोटी वाकवलेली तार. आता खीळ बोटाने ढकलली तरी हलत नव्हती, आणि मामाला हवी तेव्हा ती एका ठोक्यात बाहेर येत होती.

ज्या ताकदीने सगळं निखळायचं, त्याच ताकदीचा एक पाय खिळीवर ठेवून त्याने तिला बांधलं होतं. त्या वयात हे मला शब्दांत सांगता आलं नसतं. पण काहीतरी फार सुंदर पाहिल्याचं कळत होतं. देवळातली नक्षी पाहिल्यावर छातीत जे होतं, तेच झालं होतं.

पुढे कॉलेजात एनसीसीमुळे खरी रायफल हाताळली आणि बंदुकांच्या रचनेबद्दल वाचायची गोडी लागली, तेव्हा कळलं की मामाने काढलेली युक्ती जगातल्या नामांकित शस्त्रांच्या पोटात आहे. ज्या रायफलींमध्ये आत घोडा असतो, त्यांत घोडा आणि चाप दोन आडव्या पिनांवर फिरतात. प्रत्येक गोळीबरोबर हिसका बसतो, घोडा वेगाने फिरतो आणि पिनेला आपल्याबरोबर ओढतो. पिन थोडी फिरते, थोडी सरकते. पुरेशी सरकली की चाप निकामी होतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे घोडा नको तेव्हा सुटतो. 1947 सालच्या कलाश्निकॉव्ह रायफलमध्ये या पिनांच्या खाचांमध्ये एकच वाकवलेली तार अडकवून त्या थोपवल्या आहेत. अमेरिकेच्या एआर घराण्यातल्या रायफलींमध्ये घोड्याच्या स्प्रिंगचा पाय चापाच्या पिनेच्या खाचेत बसतो, आणि घोड्याच्या पोटातली बारीक तार त्याच्या पिनेला धरते. दोन टोकांच्या दोन घराण्यांत, वेगवेगळ्या देशांत, माणसं शेवटी खाच आणि तार यांच्याशीच येऊन थांबली. अमेरिकेत घरी रायफल जोडणं हा लोकांचा छंद आहे, आणि त्या छंदिष्टांचाही जीव या दोन पिनांत अडकलेला असतो. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बनवणं गुन्हा आहे, आणि तो तसाच असावा असं माझं मत आहे. मला बंदूक नको आहे. मला त्या पिनेचं कौतुक आहे, आणि ही दोन वाक्यं एका दमात म्हणताना मी अडखळतो.

अडखळायला कारण आहे. आर्वीपासून आष्टी दूर नाही. 16 ऑगस्ट 1942 ला, नागपंचमीच्या दिवशी, तिथले लोक पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला निघाले. त्यांच्यावर गोळ्या चालल्या, माणसं जागेवर पडली. गाव तेव्हापासून आष्टी शहीद म्हणूनच ओळखलं जातं. तिथल्या स्मारकापुढे उभं राहिलं की कारागिरीचं सगळं कौतुक घशात अडकतं. त्या दिवशीही कोणाच्या तरी हातातला चाप नेमका ओढला गेला, आतल्या खिळी जागच्या हलल्या नाहीत, ज्याने ते यंत्र घडवलं त्याचं काम चोख होतं. आणि आर्वीच्या दुसऱ्या अंगाला पुलगाव आहे, लष्कराच्या दारूगोळ्याचं मोठं कोठार. 30-31 मे 2016 च्या मध्यरात्री तिथे आग लागली, स्फोट झाले, आग विझवायला गेलेली माणसं गेली. आसपासची गावं अंधारात घरं सोडून पळाली. या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला शस्त्राबद्दल निव्वळ यंत्र म्हणून बोलता येत नाही.

तरी मी नागपूरला गेलो की अजब बंगल्यात जातो. 1863 सालचं ते संग्रहालय. शस्त्रांच्या दालनात काचेआड तोड्याच्या बंदुका आहेत. लांबच लांब नळी आणि सडपातळ दस्ता. तोड्याच्या बंदुकीचा घोडा म्हणजे पेटता तोडा चिमटीत धरणारा वाकडा लोखंडी तुकडा. तो लाकडाच्या पोटातून वर आलेला असतो, आणि चाप वर दाबला की खाली झुकून बंदुकीच्या कानातल्या दारूला ठिणगी देतो. स्प्रिंगचा जोर फारसा नाही, हिसका नाही, सगळं संथ. दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या असतात आणि आडवी खीळ त्यांच्या आधाराने राहते. नळीला दस्त्याशी बांधायला तर खीळही नाही. चामड्याचे किंवा तारेचे वेढे देऊन ती आवळलेली. आमच्या गाडीवानाची चिंधी आणि हे वेढे एकाच अकलेतून आलेत. गावच्या लोहाराला जे उमगतं आणि जे साधनांत बसतं, त्यावरच ती घडण उभी आहे. उघडावी, पुसावी, पुन्हा बांधावी.

घरात बनणाऱ्या आणि घरातच दुरुस्त होणाऱ्या यंत्राचा विचार निघाला की वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला चरखा आठवणारच. 1929 मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने चांगल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. त्याच्या अटी मी पुनःपुन्हा वाचतो. खेड्यातल्या झोपडीत मावेल असा हलका असावा. बाईला आठ तास फार न थकता चालवता यावा. किंमत 150 रुपयांच्या आत. वेळच्या वेळी डागडुजी केली तर 20 वर्षं चालावा, आणि डागडुजीचा वर्षाचा खर्च किमतीच्या शेकडा पाचांपेक्षा जास्त नको. ते बक्षीस कोणालाच मिळालं नाही. पण यंत्र कसं असावं याची याहून माणुसकीची यादी माझ्या वाचनात नाही. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात, 1938 साली गांधीजींच्या हातून उघडलेल्या त्या इमारतीत, चरख्यांचे नाना प्रकार पाहताना मी चाकाकडे कमी आणि चातीच्या, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या सळईच्या, आधारांकडे जास्त बघतो. चाती सरळ हवी, आपल्या जागी गरगरायला हवी, पण पुढे-मागे सरकायला नको. चामड्याच्या दोन तुकड्यांनी तिला धरलेलं असतं. सूत कातणारी बाई बोटाने तिला जरा दाबून बघते, तेल लावते आणि कामाला लागते. घोड्याची खीळ आणि चरख्याची चाती यांची अडचण एकच आहे. तीच अडचण इथे शेल्यासाठी सोडवली, तिथे गोळीसाठी.

खिळींची राखण हाच ज्याचा धंदा, असा एक माणूस आम्हां पोरांना माहीत होता. पुलगाव-आर्वी ही नॅरोगेज गाडी, लोकांची शकुंतला, कापूस मुंबईकडे नेता यावा म्हणून इंग्रजी कंपनीने घातलेल्या रुळांवर धावायची. रुळांमधलं अंतर अडीच फूट, प्रवास जेमतेम पस्तीस किलोमीटरचा, वेग असा की धावत्या गाडीतून उतरून बोरं तोडून पुन्हा चढता यायचं. तिच्या रुळांवरून रोज एक चावीवाला चालत जायचा. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, बगलेत लाल-हिरवी झेंडी. स्लीपराशी रूळ पकडून ठेवणाऱ्या चाव्या गाडीच्या हादऱ्याने ढिल्या होतात. तो प्रत्येकीकडे बघत जाई आणि ढिली दिसली की एक ठोका देई. आवाजावरून त्याला कळे. बसलेल्या चावीचा आवाज भरीव, न बसलेलीचा खुळखुळता. मी त्याला विचारलं होतं, रोज तेच तेच ठोकून कंटाळा नाही येत का. तो म्हणाला, "रोज गाडी जाते न बाबू, मंग रोज ढिल्या होते." त्याला त्यात तक्रार करण्यासारखं काही दिसत नव्हतं. गाडी चालू आहे, याची ती खूण होती. आता ती गाडी बंद झाली.

निखळलेल्या खिळीची एक गोष्ट कीर्तनकार रंगवून सांगतात, दशरथाच्या रथाची. देवांच्या मदतीला गेलेला दशरथ लढतोय, रथाच्या चाकाची खीळ निखळते, शेजारी बसलेली कैकेयी कोणाला कळू न देता भोकात आपला हात घालते आणि लढाई संपेपर्यंत तो काढत नाही. तिथून दोन वर आले आणि वरांतून सगळा वनवास. वाल्मीकींच्या रामायणात हे असं नाही. तिथे कैकेयी बेशुद्ध राजाला रणातून बाहेर काढते. हाताची गोष्ट लोकांनी घातली. मला वाटतं, ती रात्री-अपरात्री बंडी हाकणाऱ्या, चाक निखळल्याचा अनुभव घेतलेल्या लोकांनी घातली असावी. खिळीच्या जागी राहणं किती दुखतं, हे त्यांना कळत होतं. आमची आजी ही गोष्ट ऐकताना दर वेळी कैकेयीच्या बाजूने हळहळायची. राजाने जिंकल्यावर हात बघितला, आधी नाही, असं ती म्हणायची. कैकेयीच्या पुढच्या हट्टाला माफी नाही हे तिलाही मान्य होतं. पण त्या हाताचा तिला विसर पडत नसे.

घराघरांत अशा जागा धरून बसलेली माणसं असतात, हे मला आजीच्या हळहळण्यातून उमगत गेलं. मामी त्यातली. मामाच्या जिनिंगचा हंगाम चार-सहा महिन्यांचा, उरलेले महिने घर कसं चाललं ते फक्त तिला ठाऊक. मामाच्या बंदुकीचं, चरख्याच्या दुरुस्तीचं, मोटारींच्या पंपांचं गावभर नाव झालं. तिचं नाव कशाला होणार? ती आजारी पडून पंधरवडाभर माहेरी राहिली तेव्हा मामा स्वतः रोज संध्याकाळी ओट्यावर बसून राहायचा, हातात कानस असायची, घासायला काही नसायचं. मामीला मात्र कोण धरून होतं, हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही. आज विचारतो, आणि उत्तर पूर्ण येत नाही. शेजारच्या बाया असतील. सकाळचं भजन असेल. किंवा मामाच्याच तिरसटपणाचा एखादा पाय तिच्या खाचेत बसला असेल. माणसं एकमेकांना कशी धरून असतात, हे बाहेरून उघडून बघता येत नाही.

खेळणी मात्र उघडून बघता येतात. तान्ह्या पोळ्याला आर्वीच्या गल्ल्यांतून पोरं लाकडी नंदी ओढत निघतात. बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी हा पोरांचा पोळा, विदर्भाबाहेर तो फारसा कोणी जाणत नाही. नंदीच्या पाटाखाली चार चाकं, चाकांत दांड्या, दांड्यांच्या टोकांना खिळे. गेल्या काही वर्षांत बाजारातून रंगवलेले, झालर लावलेले मोठाले नंदी येतात, आणि ते देखणे आहेत यात शंका नाही. पण रस्त्यात चाक निखळलं की आता पोर रडतं आणि बाप नंदी उचलून कडेवर घेतो. खाली बसून खिळा शोधणारा, दगडाने ठोकून चाक पुन्हा बसवणारा बाप मला फार दिवसांत दिसला नाही. एखादा आजोबा दिसतो अधूनमधून. त्याच्याभोवती लगेच पाच-सात पोरं उकिडवी बसतात आणि त्यांची तोंडं उघडी राहतात. पोरांची ओढ गेलेली नाही. त्यांना दाखवणारं कोणी उरलं नाही.

म्हणून एक विनंती आहे. घरात बंद पडलेलं काही असेल, पंखा, कुलूप, सायकलचा ब्रेक, खेळण्यातली टिकल्यांची बंदूक, तर ते भंगारवाल्याला देण्याआधी एकदा मुलांसमोर जुन्या पेपरावर उघडा. आतून एखादी गंजलेली पिन निघेल. ती मुलांच्या हातात द्या आणि ती कशाने जागेवर राहत होती ते त्यांनाच शोधू द्या. मध्ये बोलू नका, त्यांना वेळ लागू द्या.